मालमोटारीस मान कां नाहीं ?

गेल्या हिवाळ्यांतील एका रविवारीं सकाळीं आम्ही आमच्या शहरांत भरलेलें जुन्या मोटारींचें प्रदर्शन पाहावयास गेलों होतों. मैदानावर मोटारी ओळीनें उभ्या होत्या. पितळी दिवे, चामड्याच्या गाद्या, दारांवरील संस्थानांचीं राजचिन्हें आणि आरशासारखे चकाकणारे मडगार्ड पाहून मुलें व त्यांचे आईबाप सारखेच हरखून गेले होते. ध्वनिक्षेपकावरून प्रत्येक मोटारीची कुळकथा सांगितली जात होती : ती कोणत्या सालची, कोणत्या घराण्यांतील, आज तिचें मोल किती. या थाटांत धुळीनें विघ्न आणूं नये म्हणून मैदानावर पाणी शिंपडण्याचें काम एका टँकरकडे दिलेलें होतें, आणि तें काम आटोपून तो कुंपणाच्या कडेला उभा होता. त्याच्या बॉनेटावर हिरव्या रंगाचे इतके थर चढले होते कीं, त्यांखालचीं उठावाचीं रोमन अक्षरें आम्हांस बोटांनीं चांचपूनच वाचावीं लागलीं. तीं अक्षरें 'फार्गो' अशीं होतीं.

"गाडी माझ्याहून मोठी आहे, सर," चालक म्हणाला. "मालकांच्या वडिलांनीं एकूणसत्तर सालीं घेतली. आधीं ऊंस वाहिला, मग वाळू, आतां पाणी."

ओळींतल्या दोन-तीन मोटारी या टँकरपेक्षां वयानें लहान होत्या. वयासच मान द्यावयाचा होता, तर त्या ओळींत टँकरासही जागा मिळावयास हवी होती. त्यास मिळालें तें काम.

हा लेख आम्ही त्या टँकरच्या वतीनें लिहीत आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ज्या वाहनांनीं मालकास मिरविलें त्यांस आपण वारसा म्हणतों, आणि ज्यांनीं देशाचें ओझें वाहिलें त्यांस भंगार म्हणतों. ही निवड रसिकतेची नसून अज्ञानाची आहे. आणि त्या अज्ञानाच्या मुळाशीं अंगमेहनतीविषयींची आपली जुनी अनास्था आहे. अज्ञान दूर करतां येतें. परंतु त्यासाठीं आतां फार वेळ उरलेला नाहीं.

प्रथम कायद्याकडे पाहूं. २०२१ च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनाची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेला असावा, मूळ स्वरूप टिकलेलें असावें, मोठे फेरफार झालेले नसावेत, या अटी योग्यच आहेत. परंतु यांच्या जोडीला आणखी एक अट आहे. वाहन दुचाकी असावें, किंवा खासगी, बिगर-व्यापारी उपयोगाची चारचाकी मोटार असावी. अशा वाहनास २०,००० रुपये शुल्क भरून 'व्हीए' या अक्षरांचा स्वतंत्र नोंदणीक्रमांक मिळतो. जुनीं वाहनें मोडींत काढण्याचें धोरण त्याच वर्षीं जाहीर झालें. त्याच्या तडाख्यांतून खासगी मोटार या वाटेनें सन्मानानें सुटते. मालमोटारीस अशी वाट नाहीं. सरकारी मालकीच्या वाहनांची गत आणखी कठीण. केंद्र व राज्य सरकारें, त्यांचीं महामंडळें व परिवहन संस्था यांच्या १५ वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचें नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झालें आहे.

याचा अर्थ वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. ज्या वाहनानें पन्नास वर्षें भाडें मिळविलें, तें कितीही जुनें व कितीही दुर्मिळ असो, कायद्याच्या दृष्टीनें व्हिंटेज होऊंच शकत नाहीं. कमाई करणें हाच त्याचा अपराध ! एखाद्या धनिकाच्या गॅरेजांत तीस वर्षें झोंप काढलेली मोटार पूज्य, आणि त्याच तीस वर्षांत घाटाघाटांतून धान्य, सिमेंट, पुस्तकें आणि औषधें वाहणारा ट्रक त्याज्य, हा न्याय आम्हांस तरी उमगत नाहीं.

या आमच्या म्हणण्यावर चार आक्षेप घेतले जातात. ते आम्हीं स्नेह्यांच्या बैठकींत ऐकले आहेत, आणि खरें सांगावयाचें तर त्यांतील दोन एके काळीं आमच्याही तोंडीं होते.

पहिला आक्षेप असा कीं, ट्रक ही केवळ उपयोगाची वस्तु; तिला इतिहास कसला ? यावर आम्ही उलट विचारतों कीं, स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राचा इतिहास या वस्तूंवांचून सांगून दाखवावा. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईंत जुळणीचा कारखाना काढला, आणि तेथून शेव्हरोले मोटारींबरोबर मालमोटारी व बसगाड्याही बाहेर पडूं लागल्या. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळूं लागल्या. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून तेव्हांच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राज्य परिवहनाची पहिली एस. टी. सुटली. त्या आरंभींच्या काळांत एस. टी.च्या ताफ्यांत शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा जातींच्या गाड्या होत्या. मॉरिस कमर्शियलच्या सांगाड्यावर बांधलेल्या 'नीलकमल' आणि 'गिर्यारोहिणी' या दोन आरामगाड्या पुणें-महाबळेश्वर मार्गावर धांवत. नांवें ठेवणाऱ्या त्या अधिकाऱ्याच्या रसिकतेस आमचा नमस्कार असो ! बसगाडीस 'गिर्यारोहिणी' म्हणणारी पिढी तिला भंगार खास समजत नव्हती.

पुढें १९५३ सालच्या सरकारी धोरणानें ज्या परकी कंपन्यांचा येथें खरेंखुरें उत्पादन करण्याचा बेत नव्हता त्यांस गाशा गुंडाळावा लागला, आणि देशी कारखानदारीचें पर्व सुरू झालें. रेल्वेचीं एंजिनें बांधण्यासाठीं १९४५ सालीं निघालेल्या टाटांच्या टेल्को कंपनीनें १९५४ सालीं डायम्लर-बेंझशीं करार करून जमशेदपुरास ट्रक बांधावयास घेतले. मद्रासकडची १९४८ सालची अशोक मोटर्स १९५५ सालीं अशोक लेलँड झाली. १९५८ सालीं बजाज टेंपोनें जर्मनींतील टेंपो कंपनीच्या परवान्यावर तीनचाकी मालगाडी आणली, आणि ती भाजीबाजारापासून लग्नाच्या रुखवतापर्यंत सर्वत्र इतकी शिरली कीं, एका जर्मन कारखान्याचें विशेषनाम मराठींत सामान्यनाम होऊन बसलें. त्या कंपनीनें २००५ सालीं आपलें नांव बदललें. आपण मात्र कोणत्याही कारखान्याच्या लहान मालगाडीस आजही 'टेंपो'च म्हणतों. ज्या वस्तूनें भाषेंत घर केलें तिला इतिहास नाहीं, असें निदान भाषेच्या अभ्यासकांनीं तरी म्हणूं नये.

दुसरा आक्षेप असा कीं, ट्रक सारे सारखेच. त्यांत ओळखावयाचें तें काय? हा आक्षेप म्हणजे संगीत न ऐकतां सारे राग सारखेच म्हणण्यासारखा आहे. ज्यास डोळे उघडावयाचे असतील त्याच्यासाठीं चार खुणा आम्ही येथें सांगतों.

पहिली खूण नाकाची. जुन्या ट्रकांचें एंजिन चालकाच्या पुढें लांब बॉनेटाखालीं असे. पुढें तें निम्मे केबिनींत शिरलें आणि नाक आखूड झालें. शेवटीं चालकच एंजिनाच्या शेजारीं वा वर जाऊन बसला आणि गाडीचा चेहरा सपाट झाला. नाक जितकें आखूड तितकी हौद्यास जागा अधिक. म्हणजे त्या चेहऱ्यांत मालवाहतुकीचें सारें अर्थशास्त्र लिहिलेलें असतें. अर्थात् सर्वच कारखाने एकाच वेळीं या वाटेनें गेले नाहींत. म्हणून नुसत्या नाकावरून साल सांगण्याची घाई करूं नये.

दुसरी खूण बोधचिन्हाची. टाटा व डायम्लर-बेंझ यांचा करार १९६९ सालीं संपला, तोंवर टाटांच्या ट्रकवर बेंझची त्रिकोणी तारका असे; नंतर तिच्या जागीं 'टी' हें अक्षर आलें. तेव्हां जाळीवर मूळची तारका असलेला टाटा ट्रक दिसला, तर तो त्या पंधरा वर्षांतला असावा असा पहिला तर्क करावयास हरकत नाहीं. ग्लासगोच्या अल्बियनचें चिन्ह उगवत्या सूर्याचें. बेडफर्डचा कारखाना व्हॉक्सहॉलचा, म्हणून त्याच्या घराण्यांत ग्रिफिन हा अर्धा गरुड व अर्धा सिंह असलेला प्राणी.

तिसरी खूण म्हणजे नांवानें न फसणें. कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज, फार्गो आणि डी सोटो अशा तीन नांवांचे ट्रक निघत. परंतु हे तीन ट्रक नसून एकच ट्रक तीन नांवांनीं विकला जात होता, कारण विक्रेत्यांच्या साखळ्या वेगळ्या होत्या. शिवाय त्यांतील पुष्कळांत डिझेल एंजिन होतें तें इंग्लंडांतील पर्किन्सच्या बांधणीचें. अमेरिकन चेहरा, इंग्रजी काळीज आणि कुर्ल्याचे हात अशी ही त्रिवेणी आहे. चेहऱ्यावरून 'परदेशी गाडी' म्हणून जो निकाल देतो, त्यास ती मुळींच कळलेली नसते.

चौथी आणि सर्वांत विश्वासाची खूण सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाची आणि कारखान्याच्या धातूच्या पट्टीची. रंग, दिवे, जाळी, एंजिन हें सर्व बदलतें. ही पट्टी टिकली असेल तर ती गाडीचें जन्मपत्र होय. म्हणून जुना ट्रक दिसल्यास छायाचित्र प्रथम पट्टीचें घ्यावें, मग जाळीचें.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि कायद्याचाही त्यास आधार आहे. तो असा कीं, ट्रकाचें मूळ स्वरूप कधींच टिकलेलें नसतें. मग जतन करावयाचें तें काय? येथें आक्षेपकांनीं मूळ स्वरूपाचा अर्थच चुकीचा धरला आहे. राजाची मोटार विलायतेहून संपूर्ण घडून येई. ट्रकाचें तसें नव्हतें. बहुधा कारखाना विकीत असे तो सांगाडा, एंजिन, चाकें आणि फार तर पुढचा चेहरा. केबिन आणि हौदा बांधीत असत ते येथील सुतार, लोहार आणि पत्रेवाले मिस्त्री. फाळक्यावर मोर, कमळें आणि 'हॉर्न ओके प्लीज' रंगवीत असे तो नाक्यावरचा पेंटर. म्हणजे परिपूर्ण ट्रक कारखान्यांत जन्मत नसून आमच्याच गांवच्या वेशीवर जन्मत असे. त्याचे पाटे बदलले, एंजिन बदललें, हौद्याच्या जागीं टाकी बसली, ही त्याची विकृति नव्हे, तें त्याचें चरित्र होय. ऊंस, वाळू आणि पाणी हे तीन शब्द उच्चारून त्या चालकानें पन्नास वर्षांचा एक ग्रामीण इतिहासच आम्हांस सांगितला होता. देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणून तें जुनें देऊळ नव्हे असें कोणी म्हणतो काय ? ट्रकासाठीं कसोटी लावावयाचीच तर ती वेगळी लावावी : सांगाडा मूळचा असावा, घराणें ओळखूं यावें, आणि जे फेरफार झाले ते त्याच्या कामांतून झालेले असावेत, शोभेसाठीं नव्हेत.

आणि येथेंच आमचें हौशी मंडळींशींही थोडें भांडण आहे. क्वचित् एखादा रसिक जुना ट्रक घेतो, आणि मग प्रेमाच्या भरांत त्याचा रंग खरवडतो, मिस्त्रीनें बांधलेली लांकडी केबिन काढून फेंकतो, आणि परदेशी जाहिरातींतील चित्राबरहुकूम त्यास नवा करकरीत बनवितो. ज्या हातांनीं तो ट्रक या देशाचा केला त्यांच्या खुणा तो पुसून टाकतो. भंगारवाला ट्रक एकदां मारतो; हा रसिक त्यास जिवंत ठेवून त्याची ओळख मारतो. आमची विनंती एवढीच कीं, चकाकी आणण्यापूर्वीं त्यानें त्या रंगाचे थर निदान मोजावेत.

चौथा आक्षेप व्यवहाराचा : धूर, जागा आणि पैसा. धुराविषयीं आमचा आक्षेपकांशीं वाद नाहीं. जुने ट्रक रोज रस्त्यावर धांवावेत असें आम्ही म्हणत नाहीं; शहरांतील मुलांचीं फुप्फुसें कोणत्याही वारशाहून मोलाचीं आहेत. झिजलेल्या ब्रेकांची गाडी घाटांत घालणें हें तर पापच. परंतु सारे ट्रक राखा आणि एकही राखूं नका या दोन टोकांच्या मधें शहाणपणाला पुष्कळ जागा आहे. प्रत्येक जातीचा एखाददुसरा नमुना छपराखालीं उभा राहिला आणि वर्षांतून एकदां बाहेर निघाला, तर त्यानें कोणाचाही श्वास कोंडणार नाहीं. खासगी व्हिंटेज मोटारीसही नित्याच्या वापराची मुभा नाहींच. तोच निर्बंध ट्रकावर आनंदानें घालावा.

जागा आणि पैसा यांविषयीं इतरांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. लँकेशायरांतील लेलँड या गांवीं १९८३ सालीं केवळ मालमोटारी, बसगाड्या व अग्निशामक गाड्या यांचें संग्रहालय उघडलें. लंडनहून ब्रायटनपर्यंत जुन्या व्यापारी वाहनांची यात्रा १९६२ पासून निघते, आणि लोक तींतील दूधगाड्या व मालगाड्या पाहण्यासाठीं रस्त्याच्या कडेस उभे राहतात. आपल्याकडेही अगदींच अंधार नाहीं. हरियाणांतील तावडू येथें २०१३ सालीं उघडलेल्या वाहतूक संग्रहालयानें देशांतील वाहतुकीच्या सर्व साधनांस एका छताखालीं आणण्याचा यत्न केला आहे. अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे, आणि तें पाहण्यास लांबलांबून माणसें जातात. ज्या नगरच्या वाटेवर एस. टी.चें पहिलें चाक फिरलें, तेथें युद्धाच्या गाड्यांस जागा सांपडली; शांततेच्या गाड्यांस ती सांपडूं नये काय ?

लोकांस या गाड्यांविषयीं प्रेम नाहीं असेंही कोणी म्हणूं नये. मुंबईंत १९३७ सालीं आलेल्या दुमजली बसांच्या परंपरेंतील शेवटची डिझेल गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजीं निवृत्त झाली, तेव्हां तिला निरोप देण्यास माणसें जमलीं होतीं. त्यांतील बहुतेकांनीं आयुष्यांत व्हिंटेज मोटारींत पाऊल टाकलें नसेल. त्या तांबड्या बसच्या वरच्या मजल्यावरील पहिल्या बांकासाठीं मात्र लहानपणीं धांव घेतलेली असेल. प्रेम आहे, परंतु तें निरोपाच्या दिवशींच जागें होतें, हें दुर्दैव.

तेव्हां आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली सरकारकडे : व्हिंटेजच्या व्याख्येंतील 'खासगी, बिगर-व्यापारी' ही मर्यादा काढून मालमोटारी, बसगाड्या व तीनचाकी यांस वर सांगितलेल्या वेगळ्या कसोटीनें प्रवेश द्यावा. दुसरी महामंडळें व नगरपालिका यांच्याकडे : एखाद्या जातीचीं वाहनें मोडींत काढतांना शेवटचीं दोन वाहनें, त्यांचीं कागदपत्रें व कार्यशाळेंतील आराखडे यांसह राखून ठेवावीं. भंगाराच्या लिलावांतून त्या दोन गाड्यांचें जें उत्पन्न बुडेल तें एखाद्या समारंभाच्या मंडपखर्चाहून अधिक नसेल. तिसरी मागणी आपणां सुशिक्षित कुटुंबांकडे, आणि हीच खरी कठीण. आपल्या घरांत आजोबांच्या पगडीचें छायाचित्र असतें. ज्या ट्रकानें त्यांच्या दुकानाचा माल आणला त्याचें नसतें. आपण मुलांस पक्ष्यांचीं नांवें शिकवितों, ताऱ्यांचीं शिकवितों. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या जुन्या ट्रकाजवळ मात्र त्यांस हात धरून पुढें ओढतों, कपडे मळतील म्हणून. मळूं द्यावेत. जाळी पाहावी, पट्टी वाचावी, चालकास नमस्कार करून चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरें लिहून ठेवावीं. यास पैसा लागत नाहीं. लागतें ती एवढीच समजूत कीं, विचारण्याजोगें ज्ञान त्या माणसापाशीं आहे.

हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, तेंही सांगून टाकणें प्रामाणिकपणाचें होईल. प्रदर्शनानंतर चारएक महिन्यांनीं आम्ही त्या टँकरची चौकशी केली. त्याचें पासिंग पुन्हां करून घेणें मालकास परवडण्यासारखें नव्हतें; पावसाळ्यापूर्वींच तो भंगारांत गेला होता, आणि गॅसच्या ज्योतीनें त्याचे तुकडे होण्यास दोन दिवसही लागले नव्हते. चालक आतां दुसऱ्या गाडीवर होता. त्यानें आम्हांस ओळखलें आणि मोठ्या आशेनें विचारलें, "सर, त्या दिवशीं तुम्हीं तिचा फोटो काढला होता ना ? आमच्याकडे एकही नाहीं."

त्या दिवशीं आम्हीं शंभरावर छायाचित्रें काढलीं होतीं. घरीं येऊन तीं सर्व पुन्हां पाहिलीं. त्यांत एका संस्थानिकाच्या मोटारीचीं सात होतीं. सातव्याच्या कोंपऱ्यांत, कुंपणाजवळ, हिरव्या रंगाचा एक मडगार्ड आणि अर्धें चाक आलें आहे. तेवढेंच आम्हीं त्यास छापून दिलें.